नववी-दहावीचे गणित शिकवताना खरोखर उपयोगी पडणारी ऑनलाइन साधने

लघुकोन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी राज्य मंडळाच्या शाळेत नववी आणि दहावीच्या वर्गांना गणित शिकवते. गणिताच्या अध्यापनासाठी इंटरनेटवर आज इतके साहित्य आहे की ते शोधण्यापेक्षा त्यातून निवड करण्यातच शिक्षकाचा वेळ जातो. शिक्षकांच्या गटांवर दुव्यांच्या लांबलचक याद्या फिरत असतात, पण त्यातले कोणते साधन कोणत्या घटकाला आणि तासाच्या कोणत्या टप्प्यावर वापरायचे हे त्या याद्यांत नसते. म्हणून हा धागा काढते आहे. प्रत्येकाने आपण वर्गात प्रत्यक्ष वापरलेल्या साधनांविषयी लिहावे आणि शक्य असेल तेथे पाठातील नेमकी जागाही सांगावी, अशी विनंती आहे.

माझी कसोटी साधी आहे. फळ्यावर खडूने जे दाखवता येत नाही, ते या साधनाने दाखवता येते का, एवढेच मी पाहते. फळ्यावरचीच रीत पडद्यावर दुसऱ्या कोणाच्या आवाजात ऐकवणारे चित्रफितींचे साहित्य घरी उजळणीसाठी ठीक असले, तरी पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात त्याला जागा द्यावी असे मला वाटत नाही. कारण चित्रफीत सुरू झाली की मुलांचे प्रश्न थांबतात, आणि प्रश्न थांबले की गणिताच्या तासातला जीवच जातो.

या कसोटीवर सर्वांत वरचे स्थान मी जिओजेब्रा या आकृत्या काढून हलवता येणाऱ्या संगणक-प्रणालीला देते. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी या शतकाच्या आरंभी आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ही प्रणाली तयार केली. शाळेतील वापरासाठी ती विनामूल्य आहे आणि संगणकावर एकदा उतरवून घेतली की तिला इंटरनेट लागत नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही ठिकठिकाणी तिचा उल्लेख आहे, पण तो कृती म्हणून फार थोड्या वर्गांपर्यंत पोहोचतो.

दहावीच्या भूमितीतील अंतर्लिखित कोनाचे प्रमेय हे तिच्या वापराचे उत्तम उदाहरण आहे. एक वर्तुळ काढावे, त्यावर अ आणि ब हे दोन बिंदू असे घ्यावेत की लघुकंसाचे माप ८० अंश येईल, मग विशालकंसावर क हा बिंदू घेऊन कोन अकब मोजायला लावावा. पडद्यावर ४० अंश दिसतात. आता क हलवण्यापूर्वी थांबायचे आणि वर्गाला विचारायचे की, क जर ब च्या अगदी जवळ नेला तर कोन वाढेल की कमी होईल? बरीच मुले ‘वाढेल’ किंवा ‘कमी होईल’ असे ठामपणे सांगतात, कारण आकृती इतकी तिरकी होत जाणार हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत असते. मग बिंदू सरकवावा. आकृती बदलत राहते आणि ४० हा आकडा मात्र जागचा हलत नाही. नंतर क ला ब च्या पलीकडे, लघुकंसावर न्यावे. आकडा एकदम १४० होतो. या क्षणी वर्गातून ‘असे का?’ हा प्रश्न आपणहून येतो आणि चक्रीय चौकोनाचे प्रमेय शिकवण्याची तयारी त्या प्रश्नातूनच होते. हे सगळे पाच-सात मिनिटांत संपते, नंतर प्रोजेक्टर बंद करून सिद्धता फळ्यावरच लिहायची.

वर्गसमीकरणांसाठी मी डेस्मॉस हे आलेख काढणारे साधन वापरते. त्यात य = क्ष² + म·क्ष + ४ असे लिहिले की म साठी स्लायडर, म्हणजे किंमत बदलण्याची सरकपट्टी, मिळते. म ची किंमत बदलत गेले की अन्वस्त (समीकरणाचा वाटीसारखा आलेख) क्ष-अक्षाला दोन बिंदूंत छेदतो, मग एका बिंदूत टेकतो, मग वर उचलला जातो. म = ४ आणि म = –४ या दोन जागी तो नेमका टेकतो, आणि विवेचक शून्य असण्याचा अर्थ मुलांना दिसतो. आपल्या पाठ्यपुस्तकात वर्गसमीकरणाच्या आलेखावर भर नाही, तरीही यासाठी पाच मिनिटे काढावीत. ज्यांना आणखी पुढे जायचे आहे त्या मुलांना मी शिरोबिंदूचा मार्ग शोधायला सांगते. म बदलताना शिरोबिंदू स्वतः य = ४ – क्ष² या उलट्या अन्वस्तावरून चालतो, हे त्यांना आधी कागदावर मिळवू द्यावे आणि नंतरच पडद्यावर पडताळून पाहावे.

तिसरे साधन म्हणजे अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. विज्ञानाच्या शिक्षकांना तो ठाऊक असतो, पण अपूर्णांक, गुणोत्तर, रेषेचा चढ, संभाव्यता आणि त्रिकोणमिती यांवरची त्याची प्रतिरूपे (सिम्युलेशन) गणिताच्या शिक्षकांकडून दुर्लक्षित राहतात. यांतील कित्येक प्रतिरूपे मराठीत भाषांतरित झालेली आहेत आणि फाइल म्हणून उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतात.

सांख्यिकी आणि अर्थनियोजन या दोन घटकांसाठी मला अजून समाधानकारक काही सापडलेले नाही. जाणकारांनी लिहावे.

कर्कटक

लघुकोनताई, धागा अत्यंत गरजेचा आहे. मी निवृत्त शिक्षक आहे, आणि आपण लिहिलेल्या शेवटच्या पायरीवर, म्हणजे प्रोजेक्टर बंद करून सिद्धता फळ्यावर लिहिण्यावर, मला अधिक भर द्यावासा वाटतो. जिओजेब्राचा एक धोका असा आहे की मुलांना आकृती हलवून दाखवली की ‘सिद्ध झाले’ असे वाटू लागते. सरकवून पाहणे ही पडताळणी आहे, ती सिद्धता नव्हे, हा भेद नववीतच पक्का झाला नाही तर पुढे भूमितीचा पायाच डळमळतो.

हा भेद समजावण्यासाठी जिओजेब्राचीच एक गोष्ट कामी येते. त्रिकोणाचे तीनही कोन दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवायला लावले की कधीकधी पडद्यावर ४७.३४, ६२.३४ आणि ७०.३३ असे आकडे येतात. मुलांना बेरीज करायला सांगावी. ती १८०.०१ येते. मग वर्गाला विचारावे की प्रमेय चुकले की संगणक चुकला? प्रत्यक्षात कोन ४७.३३६, ६२.३३७ आणि ७०.३२७ असे असू शकतात. त्यांची बेरीज बरोबर १८० असते आणि प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे जवळच्या शतांशापर्यंत नेल्यामुळे हा फरक पडतो. मापन कितीही सूक्ष्म केले तरी त्यात असे काहीतरी उरतेच, आणि समांतर रेषा काढून केलेल्या सिद्धतेत मात्र काहीही उरत नाही, हे मुलांना या एका बेरजेतून जितके लख्ख कळते तितके ते व्याख्यानातून कळत नाही.

भौमितिक रचनांसाठी युक्लिडिया नावाचा खेळ आहे. त्यात फक्त सरळपट्टी आणि कंपास यांच्या साहाय्याने रचना करायच्या असतात, आणि ती किती कमी पायऱ्यांत केली यावर गुण मिळतात. वर्तुळाच्या केंद्राचा वापर न करता स्पर्शिका काढण्याची दहावीची रचना शिकवण्यापूर्वी हुशार मुलांना त्याच्या सुरुवातीच्या पातळ्या खेळू द्याव्यात. परंतु पडद्यावर बोटाने वर्तुळ काढण्याने कंपास धरण्याची सवय होत नाही. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीने कंस काढायचा असतो आणि कंपासाचे टोक न हलवता, एकसारख्या दाबाने तो काढणे हे हाताचे कौशल्य आहे. त्याला पर्याय नाही.

मांडवीकाठ

मी गोव्यात शिकवतो. आमच्याकडे नववी-दहावीला एनसीईआरटीची, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, पुस्तके आहेत, त्यामुळे आमची सोय थोडी वेगळी आहे. या पुस्तकांवर आधारित खान अकादमीचा अभ्यासक्रम इंग्रजीत आणि हिंदीत विनामूल्य आहे. लघुकोनताईंनी चित्रफितींविषयी लिहिले ते वर्गातील तासापुरते मान्य आहे, परंतु खान अकादमीचे खरे बळ तिच्या चित्रफितींपेक्षा सरावप्रश्नांत आहे. मुलाने उत्तर चुकवले की त्याला लगेच सूचना मिळते, तोच प्रश्न नव्या आकड्यांनी पुन्हा येतो आणि कोणते मूल कोठे अडले आहे हे शिक्षकाला एका तक्त्यात दिसते. मी तो तक्ता सोमवारी सकाळी पाहतो आणि आठवड्याची उजळणी त्यावरून ठरवतो. चाळीस वह्या तपासून जे कळायला दोन दिवस जातात, ते तेथे लवकर कळते. वह्या तपासणे मात्र मी सोडलेले नाही, कारण मुलाने चुकीच्या मार्गाने बरोबर उत्तर काढले आहे का, हे तक्ता सांगत नाही.

राज्य मंडळाच्या शिक्षकांना या पुस्तकांच्या क्रमाशी जुळवून घेणे कठीण जाते, हे मी जाणतो. तरीही एनसीईआरटीचे ‘एक्झेम्प्लर’ प्रश्नसंग्रह त्यांनी अवश्य पाहावेत. ते परिषदेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ‘कारण देऊन चूक की बरोबर ते सांगा’ या प्रकारचे त्यातील प्रश्न कोणत्याही मंडळाच्या मुलांना विचार करायला लावतात.

दीक्षा या राष्ट्रीय मंचाचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून करतो. तो २०१७ मध्ये सुरू झाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड फोनने वाचला की त्या पाठाचे साहित्य उघडते आणि महाराष्ट्राच्या पुस्तकांसाठी ते मराठीतही आहे. जे मूल आजारपणामुळे आठवडाभर शाळेत येऊ शकले नाही, त्याला ‘पुस्तकातला कोड वाच आणि एवढा भाग पाहून ये’ असे सांगणे पालकांनाही समजते.

गृहपाठ_सोबती

मी शिक्षक नाही, दहावीतल्या मुलीची आई आहे. येथील चर्चा वाचून एक काळजी मांडावीशी वाटते. फोनचा कॅमेरा उदाहरणावर धरला की पायऱ्यांसह उत्तर देणारी ॲप्स आता सगळ्या मुलांकडे आहेत. त्यांच्या जोडीला संभाषण करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस आले आहेत. माझी मुलगी सांगते की वर्गातील बहुतेकांचा गृहपाठ त्यातूनच होतो. घरी आम्ही फोन काढून घेतला तर ती म्हणते की, अडल्यावर विचारायचे कोणाला? हे तिचे म्हणणे खोटे नाही. आम्हा दोघांचेही गणित सुटून बरीच वर्षे झाली आहेत. शिक्षक मंडळींनी यावर काही मार्ग काढला आहे का?

लघुकोन

गृहपाठ_सोबती, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. ही ॲप्स बंद पाडणे आपल्या हाती नाही, म्हणून मी गृहपाठाचे स्वरूप बदलले आहे. ‘सोडवा’ असे सांगण्याऐवजी मी पूर्ण सोडवलेले उदाहरण देते आणि प्रत्येक पायरीसमोर तिचे कारण लिहायला सांगते. कधी त्यात एक चुकीची पायरी मुद्दाम घालते. उदाहरणार्थ, क्ष² = ५क्ष या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ असे एकच उत्तर काढलेली उकल दिली की मुलांना शून्य हे दुसरे मूळ कोठे हरवले ते शोधावे लागते. ॲपकडे बरोबर उत्तर असते, पण ही चूक का घडली हे मुलाला स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोंडी सांगावेही लागते.

संभाषण करणाऱ्या मदतनीसांबाबत एक सावधगिरी घरी जरूर घ्यावी. बीजगणितातील सरळ उदाहरणे ते बहुधा नीट सोडवतात, परंतु भूमितीच्या सिद्धतेत आकृतीवरून न निघणारे विधान अत्यंत आत्मविश्वासाने करून ते पुढे जातात, आणि भाषा सफाईदार असल्यामुळे मुलांना ते खरे वाटते. मुलीने त्यांना विचारायचेच असेल तर ‘उत्तर सांगू नका, पुढची फक्त एक सूचना द्या’ असे विचारावे, आणि मिळालेले कारण पाठ्यपुस्तकातील कोणत्या प्रमेयाशी जुळते ते वहीत लिहावे. प्रमेय सापडले नाही, तर तो प्रश्न माझ्यासारख्या शिक्षकाकडे घेऊन यावा. तसे प्रश्न घेऊन येणारी मुले आम्हाला हवीच आहेत.

ताळेबंद

अर्थनियोजन आणि सांख्यिकी यांविषयी लघुकोनताईंनी विचारले आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवतो आणि सुटीत दहावीच्या मुलांना मदत करतो. या दोन घटकांसाठी वेगळे शैक्षणिक संकेतस्थळ शोधूच नये असे माझे मत आहे. स्प्रेडशीट आणि खरी आकडेवारी पुरेशी आहे. स्प्रेडशीट गूगलची असो वा लिब्रेऑफिसची, दोन्ही मोफत आहेत.

वस्तू व सेवा कराचे उदाहरण घ्या. पुस्तकातील उदाहरणे ५, १२, १८ आणि २८ टक्के या टप्प्यांवर बेतलेली आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची फेररचना झाली, १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी काढून टाकण्यात आले आणि बहुसंख्य वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. मुलांनी घरातले किराण्याचे बिल आणले तर पुस्तकातला आणि बिलातला दर जुळणार नाही, आणि आपल्याला काही कळत नाही असा त्यांचा समज होईल. म्हणून केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावरील दर वर्गात एकदा उघडून दाखवावेत. रीत तीच राहते. १८ टक्के असेल तर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा. परीक्षेत प्रश्नात दिलेला दरच वापरायचा, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगावे.

म्युच्युअल फंडाच्या एसआयपीसाठी (दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची पद्धत) ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर सर्व योजनांची नक्त मालमत्ता मूल्ये, म्हणजे एका युनिटची किंमत, रोज प्रसिद्ध होतात. एखाद्या योजनेची काही महिन्यांची मूल्ये उतरवून घ्यावीत आणि मुलांकडून तक्ता करून घ्यावा. समजण्यासाठी सोपे आकडे घेतो. दरमहा २००० रुपये गुंतवले आणि मूल्य अनुक्रमे २०, २५ आणि १६ रुपये असले, तर युनिट मिळतील १००, ८० आणि १२५. एकूण ६००० रुपयांत ३०५ युनिट, म्हणजे एका युनिटला सरासरी सुमारे १९.६७ रुपये पडले. तीन मूल्यांची साधी सरासरी मात्र २०.३३ येते. हे दोन आकडे वेगळे का, हा प्रश्न विचारला की मुले बराच वेळ विचार करतात. मूल्य कमी असताना तेवढ्याच पैशांत युनिट जास्त मिळतात आणि सरासरी खाली ओढली जाते, हे उत्तर कोणीतरी देतेच. सांख्यिकीतील सरासरी आणि अर्थनियोजन हे दोन घटक येथे एकमेकांना भेटतात आणि पाठ्यपुस्तकात ते वेगवेगळ्या प्रकरणांत असल्यामुळे ही भेट शिक्षकालाच घडवून आणावी लागते.

संभाव्यतेसाठी स्प्रेडशीटमध्ये ‘रँडबिटवीन’ हे सूत्र आहे. त्याने १ ते ६ मधील यादृच्छिक संख्या मिळते. दोन स्तंभांत दोन फासे, तिसऱ्यात बेरीज, अशा ३६ ओळी कराव्यात. नमुना अवकाशात, म्हणजे सर्व शक्य निकालांच्या संचात, ३६ घटक असल्यामुळे ७ ही बेरीज बरोबर सहा वेळा यायला हवी, असे मुलांना वाटते. पडद्यावर ती कधी तीन वेळा येते, कधी नऊ वेळा. मग ओळी ३६ वरून १००० कराव्यात आणि पत्रक पुन्हा पुन्हा मोजायला लावावे. ७ चे प्रमाण आता १/६ च्या आसपास राहू लागते. संभाव्यता १/६ असणे म्हणजे सहा वेळांत एकदा नक्की घडणे नव्हे, हे प्रत्यक्ष दिसते. हजार वेळा फासे टाकणे हातांनी होणारे काम नाही, म्हणून ताईंच्या कसोटीवरही हे उतरावे.

मोठी आकडेवारी हाताळायची असेल तर कोडॅप नावाचे विनामूल्य साधन ब्राउझरमध्येच चालते. तक्त्यातला स्तंभ ओढून आलेखाच्या अक्षावर सोडला की आलेख तयार होतो.

ठिपक्यांची_रांगोळी

आतापर्यंतची चर्चा मुख्यतः दाखवण्याच्या साधनांभोवती फिरली आहे. मला प्रश्नांच्या स्रोतांविषयी लिहायचे आहे, कारण चांगला प्रश्न मिळाला तर पडदा नसला तरी चालते.

केंब्रिज विद्यापीठाचा एनरिच हा संग्रह मी सर्वांत आधी सुचवेन. त्यातील कृतींची रचना अशी असते की वर्गातील सर्वांत मागे पडलेले मूलही सुरुवात करू शकते आणि सर्वांत पुढचे मूलही लवकर थांबत नाही. पायथागोरसचे प्रमेय शिकवण्यापूर्वी मी त्यातील तिरक्या चौरसांची कृती घेते. ठिपक्यांच्या कागदावर एका ठिपक्यापासून तीन घरे उजवीकडे आणि एक घर वर असलेल्या ठिपक्यापर्यंत रेषाखंड काढायचा आणि त्यावर चौरस पूर्ण करायचा. त्याचे क्षेत्रफळ किती? बाजू पट्टीने मोजून वर्ग करणाऱ्या मुलांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. मग कोणीतरी त्याभोवती ४ बाजूचा सरळ चौरस काढते, चार कोपऱ्यांतले काटकोन त्रिकोण वजा करते आणि १६ – ६ = १० मिळवते. तीन उजवीकडे, दोन वर घेतले तर २५ – १२ = १३ येतात. तिसऱ्या-चौथ्या चौरसानंतर मुले स्वतःच सांगतात की दोन्ही संख्यांचे वर्ग करून मिळवले की झाले. प्रमेयाचे नाव त्यांनी अजून ऐकलेले नसते. आमच्या शाळेतील मुलींना ठिपक्यांच्या रांगोळीची सवय असल्यामुळे चौथा शिरोबिंदू कोठे येणार हे त्या मोजल्याशिवाय अचूक सांगतात. त्या दिवशी गणितात नेहमी गप्प बसणाऱ्या मुली पुढे येऊन फळ्यावर काढत होत्या.

पायथागोरसच्याच प्रमेयाच्या शंभरहून अधिक सिद्धता ‘कट द नॉट’ या संकेतस्थळावर आहेत. अलेक्झांडर बोगोमोल्नी यांनी ते १९९६ मध्ये सुरू केले आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ते त्यात भर घालत राहिले. तेथील हलत्या आकृत्या जावावर चालत असत आणि आजचे ब्राउझर ते चालवत नाहीत, त्यामुळे मजकूर आणि स्थिर आकृत्यांवर भागवावे लागते. मजकूरही अमूल्य आहे. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद पडले तेव्हाही शाळांसाठी बनवलेले असेच पुष्कळ साहित्य निकामी झाले. म्हणून जे आवडेल ते स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावे, आणि कृतीच्या पायऱ्या वहीत लिहूनही ठेवाव्यात.

शिक्षकांनी स्वतःसाठी वाचावे असे नियतकालिक म्हणजे ‘ॲट राइट अँगल्स’. अझीम प्रेमजी विद्यापीठाकडून २०१२ पासून ते प्रसिद्ध होते आणि सर्व अंक मोफत मिळतात. ऑलिंपियाडकडे कल असलेल्या मुलांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. मराठीतून वाचणाऱ्या मुलांसाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाला तोड नाही. कागदाच्या घड्या, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून त्रिमितीय आकार करण्याच्या कृती तेथे चित्रांसह आहेत, आणि महत्त्वमापनाच्या प्रकरणाआधी त्या करून घेतल्या की शंकू आणि वृत्तचिती यांची सूत्रे पाठ करण्याचे ओझे हलके होते.

डोंगरपल्याड

मी यंदाच रुजू झालो आहे. आमची शाळा डोंगराळ भागात आहे. इंटरनेट शाळेच्या आवारात मिळत नाही, जवळच्या गावात गेल्यावर मिळते. शाळेत एक जुना संगणक, एक प्रोजेक्टर आणि माझा स्वतःचा फोन आहे, वीज दुपारी बऱ्याचदा जाते. वरील सर्व वाचून उत्साह वाटला, पण सुरुवात कोठून करावी ते कळत नाही. शिवाय मला जिओजेब्रा मुळीच येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

कर्कटक

डोंगरपल्याड सर, आपल्याकडे आहे तेवढे पुष्कळ आहे. त्रिकोणमितीतील उंची व अंतर हे प्रकरण फोन घेऊन थेट मैदानावर घ्या. जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे फायफॉक्स हे मोफत ॲप एकदा उतरवले की इंटरनेटशिवाय चालते आणि फोनचा उताराचा कोन दाखवते. फोनच्या कडेवरून झेंड्याच्या खांबाचे किंवा झाडाचे टोक पाहायचे आणि कोन वाचायचा. समजा २० मीटर अंतरावरून कोन ३२ अंश आला, तर २० ला ०.६२५ ने गुणून १२.५ मीटर, त्यात डोळ्यांची उंची दीड मीटर मिळवली की १४ मीटर. कोन वाचताना एका अंशाची चूक झाली तर उंचीत साधारण अर्ध्या मीटरचा फरक पडतो, तोही मुलांकडून काढून घ्या. त्याच दिवशी दुसऱ्या गटाला कोनमापक, दोरा आणि ओळंब्यासाठी एक दगड देऊन तीच उंची काढायला सांगा आणि दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी लिहा.

लघुकोन

डोंगरपल्याड, जिओजेब्रा येत नसल्याची चिंता करू नका. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात जिओजेब्राचे पाठ आहेत, त्यातील अनेक मराठी आवाजात आहेत आणि ते उतरवून घेता येतात. एका बाजूला पाठ चालू ठेवून दुसऱ्या बाजूला स्वतः करत जावे, अशी त्यांची रचना आहे.

पुढच्या वेळी गावात जाल तेव्हा पेन ड्राइव्हवर या गोष्टी आणा: जिओजेब्राची संगणकावर बसवायची जुनी, ‘क्लासिक ५’ ही आवृत्ती, कारण ती जुन्या संगणकावर चांगली चालते, स्पोकन ट्यूटोरियलचे सुरुवातीचे पाठ, फेटमधील रेषेचा चढ आणि त्रिकोणमिती यांच्या मराठी फाइली, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून नववी-दहावीच्या गणिताच्या दोन्ही भागांच्या पीडीएफ. पुस्तकाची पीडीएफ प्रोजेक्टरवर मोठी करून आकृती दाखवता येते, त्यामुळे फळ्यावर तीच आकृती पुन्हा काढण्यात वेळ जात नाही.

वीज सकाळी असते असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. मुख्याध्यापकांशी बोलून गणिताचा तास पहिला किंवा दुसरा मागून घ्या. जिओजेब्रातील आपली पहिली फाइल अंतर्लिखित कोनाचीच करा, तिला वर्तुळ, तीन बिंदू आणि एक कोन एवढेच लागते. अक्षर मोठे ठेवा, रेषा जाड करा, म्हणजे शेवटच्या बाकावरूनही आकडा वाचता येईल. वर्गात नेण्याआधी रिकाम्या खोलीत एकदा प्रोजेक्टर लावून मागच्या बाकावर बसून पाहा. फाइल तयार करताना कोठे अडलात तर येथेच लिहा, मी संध्याकाळी धागा पाहत असते.

डोंगरपल्याड

ताई, सर, मनापासून आभार. शनिवारी गावात जातो आहे. फायफॉक्स उतरवून आधी शाळेसमोरच्या वडाची उंची मोजतो. पुढच्या आठवड्यात नववीला त्रिकोण रचना सुरू करायची आहे. त्या प्रकरणासाठी युक्लिडियाच्या कोणत्या पातळ्या आधी घ्याव्यात, ते कर्कटक सरांनी सांगितले तर त्या फोनवर आणून ठेवता येतील.

कर्कटक

लंबदुभाजक, कोनदुभाजक आणि रेषेबाहेरील बिंदूतून लंब, एवढ्या तीन रचना आधी पुरेत. त्रिकोणाचा पाया, पायालगतचा एक कोन आणि उरलेल्या दोन बाजूंची बेरीज दिलेली असताना त्रिकोण काढण्याची नववीची रचना लंबदुभाजकावरच उभी आहे. कोनाच्या दुसऱ्या भुजेवर बेरजेएवढा रेषाखंड घेऊन त्याचे टोक पायाच्या दुसऱ्या टोकाशी जोडायचे, आणि या जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढला की तो त्या भुजेला छेदतो तेथे शिरोबिंदू मिळतो. मुलांना आधी कच्ची आकृती काढू द्या, त्यात तयार होणारा समद्विभुज त्रिकोण त्यांचा त्यांना दिसू द्या, आणि मगच कंपास हातात द्या.